फरशी कोरडी होती

कौसल्या,

तुला जाऊन आज एकोणीस दिवस झाले. या एकोणीस दिवसांत घरी आलेल्या जवळजवळ प्रत्येक माणसाने मला एकच शब्द ऐकवला: सुटली. कोणी त्याला 'बिचारी' जोडलं, कोणी 'तुम्हीही सुटलात' म्हणून मलाही त्यात ओढलं. मी प्रत्येक वेळी हरकत घेतली. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. हातात चहाची कपबशी धरलेल्या पाहुण्यालाही मी सोडत नाही. अडकलेलं असतं ते सुटतं. तू एकाहत्तर वर्षं जगलीस आणि तुला मुळीच जायचं नव्हतं. शेवटच्या आठवड्यातसुद्धा तू रेखाला विचारत होतीस, "औंदा हुरडा आला का गं?" हुरड्याची वाट पाहणाऱ्या माणसाला सुटण्याची घाई नसते.

दुसरी हरकत 'जन्मापासून' या शब्दाला. लोक तुझ्याविषयी सांगताना तिथूनच सुरुवात करतात, कारण तसं म्हटलं की पुढचं काही विचारावं लागत नाही. पाच वर्षांची होईपर्यंत तू पाहत होतीस, ऐकत होतीस आणि टेंभुर्णीजवळच्या आपल्या मळ्यात माझ्यापुढे पळत होतीस. मी बारा वर्षांचा होतो आणि तू मला मागे टाकतेस याचा मला राग यायचा. मग तो ताप आला. उतरला तेव्हा दोन्ही डोळे गेले होते, डावा कान पूर्ण बंद झाला होता, उजव्यात जेमतेम ऐकू येण्याएवढं काही उरलं होतं, आणि डावा हात व डावा पाय तुझं ऐकेनासे झाले होते. एका तापाने इतकं नेलं. जन्माने काही नेलं नव्हतं.

तापाच्या आदल्या दिवशी आई अंगणात साडी वाळत घालत होती. ती जांभळी होती असं तुझं म्हणणं. हिरवी होती असं माझं. हा वाद आपण साठ वर्षांहून अधिक काळ घातला.

"तू पाच वर्षांची होतीस. तुला काय आठवणार?" मी म्हणायचो.

"आण्णा, तू त्येच्यानंतर लाख साड्या बगितल्यास. म्या ती शेवटची बगितली. मग कुनाच्या ध्यानात ऱ्हाईल, सांग की."

मग मी आवाज चढवत असे. आणि तुझ्याशी बोलताना आवाज चढवावाच लागत असल्यामुळे माझी हार कोणाच्या लक्षात येत नसे. आज लेखी कबूल करतो: साडी जांभळी असावी. या घरात तुझी साक्ष माझ्याहून पक्की होती. ते मान्य करायला मी किती उशीर केला, त्याकडे मी येणारच आहे.

माझ्याविषयीही एक कथा तयार होते आहे आणि तीही मला मान्य नाही. 'गुरुजींनी बहिणीला जन्मभर सांभाळलं', 'गुरुजींनी तिला अक्षरं दिली.' सांभाळलं माझ्या बायकोने, आणि ती गेल्यावर माझ्या सुनेने, रेखाने. तुझी वेणी कधी माझ्या हातून घातली गेली नाही. अक्षरांचं मात्र अर्धं खरं आहे. वडिलांना गिरणीत काम लागून आपण सोलापुरात आलो. शाळेने तुला दारातूनच परत पाठवलं, तेव्हा मी हट्टाने तुझ्या उजव्या तळहातावर बोटाने अक्षरं काढू लागलो. ग, म, भ, न. एक शब्द झाला की तू तळहात परकरावर घासायचीस, पाटी पुसावी तसा, आणि पुन्हा पुढे धरायचीस. शब्द कळला की पुसायचं. दुसरा हवा असला की हात धरून ठेवायचा. ही रीत तू ठरवलीस. मी तीन महिने शिकवलं आणि मग माझ्या परीक्षा आल्या. बाकीचं तू आईच्या, शेजारणीच्या, जो सापडेल त्याच्या बोटांकडून उकळलंस.

मी केलं ते एवढंच की मी भांडलो. ते मला जमत होतं आणि, खरं सांगायचं तर, आवडत होतं. दवाखान्यात तुझा अपंगत्वाचा दाखला काढायला गेलो तो दिवस आठव. डोळे तपासायचे एका खिडकीवर, कान दुसऱ्या इमारतीत, आणि हातापायांचे डॉक्टर फक्त गुरुवारी. तिसऱ्या जिन्यावर मी धापा टाकत व्यवस्थेला नावं ठेवत होतो. तू कठड्याला टेकून म्हणालीस, "आण्णा, मला तुकड्या तुकड्यानं आनायला पायजे हुतं की." मागच्या रांगेतली माणसं हसली आणि माझं भाषण वाया गेलं. शेवटच्या टेबलावरच्या कारकुनाने मला विचारलं, "यांना सही येते का?" तू उजवा कान तिकडे करून होतीस. "तिला इचार की," तू त्याला म्हणालीस, "ती हितंच बसलीय." मग कागदाची कडा चाचपून तू सही केलीस. माझ्या सहीपेक्षा सरळ.

आणि ती पंगत. मेहुण्यांच्या घरचं लग्न होतं. वाढणारा माझ्याकडे पाहून म्हणाला, "हिला साधा भातच वाढतो, तिला काय कळतंय." मी ताटावरून उठलो, तुला उठवलं आणि त्या मांडवात असं काही बोललो की पुढे वर्षभर त्यांच्याकडून पत्र नव्हतं. रिक्षात मी विजयी मुद्रेने बसलो होतो. तू म्हणालीस, "तुजं भांडान झालं. माजी बुंदी ऱ्हायली."

'तिला काय कळतंय' हे वाक्य मी आयुष्यात कोणाचंही खपवून घेतलं नाही. हे मी अभिमानाने सांगत आलो. पुढचं लिहिण्याआधी ते इथे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

आता दोराविषयी.

आपलं जुनं घर तुझ्या पायांना पाठ होतं. ते पाडून माझ्या मुलाने, विनायकने, हे नवं बांधलं आणि तू एका दिवसात परकी झालीस. मोठी खोली, गुळगुळीत फरशी, आणि न्हाणीघराच्या बोळात उतरायला ती एक पायरी. तू कोणाला काही मागितलं नाहीस. शेजारच्या कारखान्यातून तुझ्याकडे चादरींच्या दशा वळायला यायच्या, चादर डाव्या गुडघ्याखाली दाबून उजव्या हाताने आणि दातांनी तू गाठी मारायचीस, आणि तिथल्या तेलुगू म्हातारीकडून शिकलेले आकडे पुटपुटायचीस, "ओकटी, रेंडू, मूडू." त्याच कारखान्यातून तू टाकाऊ सुताची बोचकी मागवलीस. खिडकीच्या गजाला एक टोक बांधून तीन आठवडे पीळ देत बसलीस. रेखाने भिंतीला कमरेच्या उंचीवर हूक ठोकले. तुझ्या खाटेपासून निघून समोरच्या खोलीला वळसा घालून स्वयंपाकघरापर्यंत आणि खाटेपासूनच दुसऱ्या बाजूला बोळातून न्हाणीघरापर्यंत तो दोर गेला. एक गाठ म्हणजे वळण, दोन गाठी म्हणजे पायरी, तीन म्हणजे दार. एका हाताने दोर धरून, डावा पाय ओढत, तू पुन्हा या घराची मालकीण झालीस.

मला तो दोर आवडत नव्हता. लाल, पिवळा, मोरपंखी, जसं सूत मिळालं तसा. मनगटाएवढा जाड, तुझ्या हाताच्या मळाने जागोजागी काळवंडलेला. समोरच्या खोलीत माझी पुस्तकांची कपाटं आहेत, माझी सत्काराची मानपत्रं आहेत, आणि त्यांच्याखालून तो गुरांच्या दाव्यासारखा गेलेला. हे मी कधी बोललो नाही. पण तुला कळत होतं. एकदा तू म्हणालीस, "तुज्या शालीहून मजबूत हाय त्यो." मी हसण्यावारी नेलं.

मेघनाला, माझ्या नातीला, पाहायला पुण्याहून पाहुणे येणार होते. आज तीन वर्षं झाली. सगळ्यांची समजूत अशी की त्या दिवशी घरच्यांनी तुला आत ठेवलं. 'घरच्यांनी' हा शब्द मी खोडतो. मेघना म्हणाली होती, "आजीला माझ्याशेजारी बसू दे, ज्यांना चालेल त्यांनी यावं." रेखाने तुझं नवं लुगडं काढून ठेवलं होतं. तुला आत राहायला सांगितलं मी. "गर्दीत तुला त्रास होईल," असं मी तुझ्या उजव्या कानाशी ओरडलो. तू म्हणालीस, "व्हय." त्या 'व्हय'मध्ये तुला सगळं कळल्याचं मला ऐकू आलं होतं.

आणि दोर मी काढला. सकाळी नऊच्या सुमारास, रेखा स्वयंपाकघरात आणि विनायक मिठाई आणायला नवी पेठेत गेलेला असताना. समोरच्या खोलीतला, आणि दारातून दिसतो म्हणून बोळातलाही, थेट पायरीपर्यंतचा. गुंडाळून माझ्या पलंगाखाली सरकवला. पाहुणे गेले की परत लावायचा, दोन तासांचा प्रश्न, असा माझा हिशेब. तुला सांगणार होतो. पण पाहुणे तासभर लवकर आले.

गेली तीन वर्षं मी स्वतःला असं सांगत आलो की तुला सांगायची सोय नव्हती. तुला काही सांगायचं म्हणजे घरभर ऐकू जाईल असं सांगायचं. समोर परकी माणसं बसलेली असताना 'दोर काढलाय, उठू नकोस' असं मी कसं ओरडणार? ही बाजू मी मनात अनेकदा मांडली आणि दरवेळी जिंकलो. ती खोटी आहे. तुझा तळहात होता. आत येऊन, बोटाने, एका मिनिटात, कोणालाही न कळता लिहिता आलं असतं. ती सोय मीच लावली होती. मी उठलो नाही, कारण मी तेव्हा पाहुण्यांना माझ्या शाळेतली जुनी हकिगत सांगत होतो आणि ते कौतुकाने ऐकत होते.

बोळाच्या पायरीवर तू पडलीस त्याचा आवाज मी ऐकला. मी वाक्य पूर्ण केलं. हे आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. वाक्य पूर्ण करून मग मी उठलो. तोवर रेखा पोहोचली होती.

खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली, पण तू पुन्हा उभी राहिली नाहीस. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर तुझा पहिला प्रश्न होता, "आण्णा, दोर कुनी काडला?"

मी तुझ्या कानाशी वाकून म्हणालो, "तुटला असेल."

तू चेहरा माझ्या दिशेने वळवलास. मग म्हणालीस, "माजा दोर तुटत न्हाय." तो विषय तू तिथेच थांबवलास. मला वाटलं, सुटलो. हो, तोच शब्द. लोकांकडून ऐकताना मला तो का सहन होत नाही, ते आता तुला कळलं असेल.

आपली चुलत बहीण गोदाक्का भेटायला आली. तिला प्रत्येक दुःखाला एक गुन्हेगार लागतो. तिने रेखाला धरलं. "सकाळी फरशी पुसलीस आन तशीच वली ठिवलीस व्हय गं? आंदळ्या मानसाचं घर हाय, जरा तरी ध्यान नगं?" रेखा खाटेच्या पायाशी उभी होती. आवाज तुझ्यापर्यंत पोहोचला असणार, कारण गोदाक्का हळू बोलत नाही.

"फरशी वली न्हवती," तू म्हणालीस. "माजा पाय अनवानी हुता. कोरडी हुती."

गोदाक्काने माझ्याकडे पाहिलं. विनायकने पाहिलं. रेखानेही पाहिलं. एका वाक्याचं काम होतं. आणि मी म्हणालो, "दुखण्यात आहे ती. तिला आता काय कळतंय."

कौसल्या, ते वाक्य मी उच्चारलं. साठ वर्षं ज्याच्यापायी मी पंगती मोडल्या, नाती मोडली, ते वाक्य माझ्या तोंडून पूर्ण, स्पष्ट आणि तुझ्या उजव्या बाजूला उभं राहून निघालं. तुला ऐकू गेलं की नाही हे मी कधी विचारलं नाही. तू चादरीची दशा हातात घेऊन तिचा पीळ उलगडत होतीस, एवढं मला आठवतं.

त्यानंतर गोदाक्काची कथा हीच नातेवाइकांची कथा झाली. सुनेने फरशी ओली ठेवली. रेखा तीन वर्षं ते ऐकत राहिली. ऐकत ऐकत तुझी पाठ पुसत राहिली, कूस बदलत राहिली. मी शेजारच्या खोलीत वर्तमानपत्राला पत्रं लिहीत होतो, इतरांच्या चुका दाखवणारी.

चौदाव्या दिवशी गोडाचं जेवण होतं. मंडळी जमली होती. बुंदीच ठेवली होती, ते मी सांगितलं होतं. गोदाक्काने पानावर बसून पुन्हा सुरुवात केली, "त्या दिवशी फरशी वली नसती, तर कौशी अजून चार वर्सं..." रेखा वाढत होती. तिचा हात थांबला नाही, पण पावलं थांबली.

मी म्हणालो, "फरशी कोरडी होती. दोर मी काढला होता. ती पडली ती माझ्यामुळे."

गोदाक्का अतिशय मायेने म्हणाली, "सदा, तू दुक्कात हाईस. काय बोलतुयास ते तुजं तुला कळंना. जेव." आणि सगळ्यांनी माना हलवल्या. एकाने माझ्या पाठीवर हात ठेवला. मी पुन्हा सांगितलं, हुकांचं, पलंगाखालचं, सगळं. "व्हय, व्हय," गोदाक्का म्हणाली, "जेव आता." अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मला समजलं की डोळ्यांसमोर धडधडीत बसलेल्या माणसाचं म्हणणं असं बाजूला सारलं जातं, तेव्हा कसं वाटतं.

"त्यांना कळतंय," रेखा म्हणाली. "खरं आहे ते." आणि पुढच्या पानावर वाढू लागली.

नंतर मी स्वयंपाकघरात गेलो. ती भांडी घासत होती.

"तुला माहीत होतं?"

"मी धावत आले तेव्हा हूक रिकामे होते, मामंजी. आणि तुमच्या पलंगाखाली केर मीच काढते."

"मग तू बोलली का नाहीस?"

"आत्यांनी नको म्हटलं." तिने पातेलं उपडं घातलं. "म्हणाल्या, आण्णा सांगंल, त्येचं त्येला सांगू दे. मी तुमच्या खोलीतून बाहेर आले की दरवेळी विचारायच्या मला, 'बोलला का त्यो?' तीन वर्षं."

मी तिची क्षमा मागितली. कशी मागावी हे मला नीट येत नाही, त्यामुळे बहुधा वाईट मागितली.

ती म्हणाली, "माझं राहू द्या. मी आहे अजून. त्यांना सांगायचं होतंत."

दोर मी पलंगाखालून काढला आहे. काल दुपारी डोळे मिटून हाताने चाळत बसलो. एक गाठ, वळण. दोन गाठी, पायरी. कुठेही विसविशीत नाही, कुठेही उसवलेला नाही. तो तुटणं शक्यच नव्हतं, आणि 'तुटला असेल' असं मी सांगितलं ते तो वळणाऱ्या बाईला.

एक गोष्ट उरली. ती घरात कोणालाही माहीत नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी मी तुझ्याजवळ बसलो होतो. रेखा न्हाणीघरात होती. त्या आठवड्यात तुझा उजवा कानही पूर्ण गेला होता आणि बोलायला तुझ्यात श्वास उरला नव्हता. तू हात पुढे केलास, तळवा वर करून. मी लिहिलं, 'पाणी?' तू तळहात चादरीवर पुसलास आणि पुन्हा धरलास. मी लिहिलं, 'दुखतं?' तू पुसलास आणि धरलास. मी लिहिलं, 'आराम कर.' तू पुसलास, नीट, बोटांच्या टोकांपर्यंत, जशी परकरावर पुसायचीस, आणि हात पुन्हा पुढे केलास.

माझं बोट वर उचललेलं होतं. मी घड्याळाकडे पाहिलं, औषधाची वेळ झाली असं स्वतःशीच मोठ्याने म्हणालो आणि उठलो. औषधाला अजून तास होता. दारातून मागे पाहिलं तेव्हाही तुझा हात तसाच होता. दुपारी तू गेलीस.

पाटी कोरी होती, कौसल्या. लिहायचे शब्द तीनच होते.

दोर मी काढला.